पाव फेरा

ज्याने उभे आयुष्य मुलांकडून शब्दरूपे आणि धातुरूपे पाठ करवून घेण्यात घालविले, त्याने पिस्तुलाच्या चापाविषयी लेख लिहावा, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चाप हा शब्द मला दोनच अर्थांनी परिचित होता. एक संस्कृतातला, म्हणजे धनुष्य. आणि दुसरा मराठीतला, उनाड पोरांस लावावयाचा. बंदुकीस जो चाप असतो त्याला मी कधी बोटही लावले नव्हते. परंतु गेल्या दिवाळीत त्या चापाशी माझा असा काही संबंध आला की, त्याचा वृत्तान्त आपण लिहून काढावा, अशी सूचना घरातूनच झाली. आणि सूचना करणारी व्यक्ती या प्रकरणातील फिर्यादी असल्यामुळे ती मोडता येत नाही.

२०२४ सालच्या ऑलिंपिकात, पॅरिस येथे, २८ जुलै रोजी हरियाणाच्या मनू भाकर हिने दहा मीटर पिस्तुलात कांस्यपदक मिळविले, आणि पाठोपाठ १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी रायफलीत. त्या आठवड्यात महाराष्ट्रातील किती घरांत मुलांनी बंदुकीचा हट्ट धरला असेल कोण जाणे. आमच्या चिरंजीवांच्या घरी, पुण्यास, तो धरला गेला. नात तेव्हा नववीत होती. बालेवाडीस १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जी क्रीडानगरी उभारली, तेथे ती शिकावयास जाऊ लागली, आणि वर्षभरात वरच्या वर्गातील एका उंचपुऱ्या मुलाने वापरलेले एक परदेशी पिस्तूल चिरंजीवांनी तिला विकत घेऊन दिले.

"ब्राह्मणाच्या घरात पिस्तूल?" असे आमच्या कुटुंबाने विचारले. मी म्हणालो, "द्रोणाचार्य कोण होते?" "त्यांचे पुढे काय झाले तेही नातीला सांगा," असे उत्तर आले, आणि तो वाद तेथेच संपला.

वस्तुतः हे पिस्तूल म्हणजे माणसे मारण्याचे हत्यार नव्हे. त्यात दारू नसते. नळीखालच्या नळकांड्यात हवा दाबून भरलेली असते, आणि तिच्या धक्क्याने साडेचार मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा निघतो. लक्ष्य दहा मीटरांवर. त्यावरील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढे. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे. दुसरा हात खिशात. असे साठ नेम, पंचाहत्तर मिनिटांत. दिवाळीच्या सुट्टीत नात राहात्यास आली ती ही पेटी घेऊनच. आमच्या जुन्या घराच्या ओसरीतील खांबापासून परसदारापर्यंत मी दोरी धरून मोजले, तो बरोबर तेहतीस फूट भरले. परसदारास आतून कडी, मधल्या दारात कुटुंब स्वतः पहारा करीत बसलेले, अशा बंदोबस्तात पोरीचा अभ्यास सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी तिने तक्रार केली. "आजोबा, चाप जड लागतो. दाबता दाबता नेम हलतो."

मी कागद घेऊन त्रैराशिक मांडले. पिस्तुलाच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांत अंतर सुमारे बत्तीस सेंटिमीटर. लक्ष्य दहा मीटर, म्हणजे एक हजार सेंटिमीटर. तेव्हा माशी एक मिलिमीटर बाजूस सरली तर लक्ष्यावर छर्रा एकतीस मिलिमीटर सरणार. दहाचा नेम थेट सातावर जाणार. एक मिलिमीटर! आणि ज्या यंत्राचे स्वतःचे वजन किलोभर, त्याचा चाप अर्धा किलो ताकदीने दाबावयाचा, तोही हात लांब करून, टेका न देता. मला तर नेम लागतो हेच नवल वाटले. भार कमी केला की हलणे कमी होईल, हे गणित इतके उघड दिसत होते की त्याचा ताळा करून पाहण्याचे मला सुचले नाही.

येथे माझ्या एका जुन्या खोडीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. शाळेतील लंबकाचे घड्याळ मी नोकरीत असेपर्यंत स्वतःच उघडून पुसत असे. घड्याळ आणि पिस्तूल यांच्यात साम्य आहे. दोहोंतही ताणून ठेवलेली शक्ती एका लहानशा आकडीने अडवून धरलेली असते, आणि ती आकडी सरकली की शक्ती मोकळी होते. घड्याळात आकडी दर टोल्याला एकेक दाता सोडते. पिस्तुलात बोटाच्या सांगण्यावरून एकदाच सोडते. एवढ्या साम्यावर मी स्वतःस त्या यंत्राचा ज्ञाता समजलो. पुण्यास स्पर्धेसाठी निघावयाच्या आदल्या रात्री, घर निजल्यावर, मी पेटी उघडली. आत पुस्तिका होती, षट्कोणी तोंडाची किल्ली होती, आणि पुस्तिकेतील चित्रात भाराचा स्क्रू बाणाने दाखविलेला होता. खालचा मजकूर बारीक अक्षरांत होता, आणि चष्मा आतल्या खोलीत. मी तो स्क्रू डावीकडे पाव फेरा फिरविला. आत घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडला. चाप दाबून पाहिला, तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

मी हे कोणास सांगितले नाही. उद्या तिच्या बोटाला फरक कळेल, ती आपण होऊन विचारील, मग मिशीतल्या मिशीत हसून सांगावे, असा माझा बेत होता.

स्पर्धेच्या जागी प्रत्येक पिस्तुलाची आधी तपासणी होते. तो विधी मी काचेपलीकडून पाहिला. टेबलावर ५०० ग्रॅमांचे एक वजन ठेवलेले. त्याला वर दांडी, आणि दांडीच्या शेवटी सुरीच्या धारेसारखी अरुंद कड. पिस्तुलात हवा कोंडून, नळी सरळ आकाशाकडे करून, ती कड चापाच्या मध्यावर अडकवावयाची आणि वजन टेबलावरून अलगद उचलावयाचे. वजन अधांतरी राहिले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल शुद्ध. सुटला तर अशुद्ध. प्रयत्न तीन. नातीच्या हातून पहिल्याने फट्‌ असा आवाज झाला. दुसऱ्यानेही झाला. तिसऱ्या वेळी तिने श्वास रोखून इतक्या हळू उचलले की वजन तरंगले. तपासनीसाने मान डोलाविली. आपण आधी हिसका दिला असावा, असे समजून ती आत गेली.

शेजारी एका मुलाचे वडील बसले होते. त्यांना मी सहज विचारले, "हा कसला प्रकार?" त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले की दहा मीटर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमांहून हलका असता कामा नये, हा जागतिक नियम आहे; आणि स्पर्धा संपल्यावर चिठ्ठ्या टाकून काही पिस्तुले पुन्हा तोलतात, त्यात जो उणा ठरेल तो बाद.

त्या क्षणी आत नात पहिला अजमासाचा छर्रा टाकण्यासाठी हात उचलीत होती. खऱ्या नेमांपूर्वी पंधरा मिनिटे अशी अजमासाची मिळतात. तिचे शिक्षक माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. मी उठून त्यांना एवढेच सांगावयाचे होते की, काल रात्री मी स्क्रू फिरविला. त्यांनी पंचांस विचारले असते, काही ना काही मार्ग निघाला असता. पंधरा मिनिटे म्हणजे नऊशे सेकंद. मी त्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहत राहिलो आणि उठलो नाही. वर्गातील पोराने शाई सांडून ठेवली आणि कबूल केले नाही म्हणजे मी त्याला जे बोलत असे, ते सारे मला त्या पंधरा मिनिटांत आठवले; तरीही मी उठलो नाही. कदाचित चिठ्ठी निघणार नाही, असे मनाशी म्हणत बसलो.

चिठ्ठी निघाली. नातीचे गुण तोवरच्या तिच्या सर्व गुणांहून चारांनी अधिक होते, आणि ती हसत बाहेर येत होती, तेव्हाच तिला बोलाविले. तीनदा वजन उचलले, तीनदा चाप सुटला. फलकावर तिच्या नावापुढील गुण पुसून गेले आणि तेथे डी. एस. क्यू. अशी तीन अक्षरे उमटली. ती रडली नाही. शिक्षकांना एवढेच म्हणाली, "काल रात्री वजन लावून बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

सुट्टी अद्याप आठवडाभर उरली होती, म्हणून आम्ही दोघे नगरमार्गे राहात्यास परत निघालो. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला, सुपे मागे पडले, तरी ती खिडकीबाहेर पाहत होती. नगर जवळ आले तेव्हा मी सांगून टाकले. रात्रीची गोष्ट सांगितली, आणि ती पंधरा मिनिटेही सांगितली. ती सांगणे अधिक कठीण गेले. तिने तोंड वळविले नाही. नगरच्या स्थानकात बस वीस मिनिटे थांबली, तेव्हाही ती बोलली नाही. मी चहा आणून दिला, तो तिने घेतला. राहुरी गेल्यावर तिने विचारले, "किती फिरवलात?"

"पाव फेरा."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

तिने डोळे मिटून बोट हवेत धरले आणि मनातल्या मनात चाप दाबून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे माझं बोट बिघडलेलं नाही."

मला अर्थ कळेना. तेव्हा ती सांगू लागली की, पहिल्या दोन नेमांना पिस्तूल तिच्या मनाआधी सुटले होते. आपल्याला भीतीने कंप सुटला आहे, आपला हात या कामाचा नाही, असे तिला वाटले. पुढचे सारे नेम तिने बोट चापावर न टेकविता, वरच्या वर धरून, भीत भीत टाकले. गुण चांगले आले ते दैवाने. "शिरूरला मी ठरवलं होतं, आजोबा, पिस्तूल विकून टाकायचं." एवढे बोलून झाल्यावर मग ती रडली, ती थेट कोल्हारपर्यंत.

आमच्या गावाबाहेर पेरूच्या बागेत एक निवृत्त सुभेदार राहतात. नगरच्या लष्करी छावणीत त्यांची हयात शस्त्रे दुरुस्त करण्यात गेली. राहात्याचे पेरू वाचकांपैकी पुष्कळांनी खाल्ले असतील. त्या बागेत, पेरूच्या पेट्या भरावयाच्या लांब टेबलावर, सुभेदारांनी पिस्तूल उघडले. आधी त्यांनी त्याचा वास घेतला. "तेल कुणी घातलं?" मी कबूल झालो. या खेपेस विलंब लावला नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "चाप हलका करायचा नसतो. साफ करायचा असतो."

मग त्यांनी जे दाखविले ते मी यथामति लिहितो, कारण माझ्यासारखे हौशी आजोबा इतर घरांतही असतील.

चापाचे काम सोडणे हे नव्हे, धरणे हे आहे. आतील हातोडी स्प्रिंगने ताणलेली असते आणि तिला एक खटका अडवून धरतो. हातोडीची कड आणि खटक्याची कड एकमेकींवर टेकलेल्या असतात त्या किती, तर जेमतेम केसभर. ही टेकण जास्त असेल तर चाप दाबताना तो रांगतो. बोट पुढे सरकत राहते, आणि सुटणार केव्हा याचा भरवसा नसतो. टेकण कमी असेल तर भरवसा मुळीच नसतो. पिस्तूल टेबलावर आपटले तरी सुटेल. म्हणून काही लोक त्या कडा कानशीने किंवा दगडाने घासून गुळगुळीत करू पाहतात. सुभेदारांनी येथे हात जोडले. त्या पोलादाला फक्त वरवर, कागदाएवढ्या जाडीचे कठीण कवच दिलेले असते. ते घासले गेले म्हणजे खाली मऊ धातू लागतो. आठ दिवस चाप रेशमासारखा चालतो, आणि मग कड झिजून एके दिवशी कोणी न दाबताच सुटतो. लष्करातही हे काम नवख्याच्या हाती देत नाहीत. त्यांनी स्वतः त्या कडांना फडक्याखेरीज काही लावले नाही. माझे तेल पुसून काढले, एवढेच.

नंतर दोन टप्प्यांची गोष्ट. या चापास आधी एक मोकळी वाट असते. बोट टेकून काही भार घेतला की चाप एका जागी येऊन अडतो. तेथे किंचित थांबावयाचे, नेम पाहावयाचा, आणि उरलेला थोडा भार वाढवावयाचा की तो काच तुटावी तसा सुटतो. पाचशेतला बहुतेक भार पहिल्या वाटेत खर्ची घालावा, म्हणजे शेवटी बोटाला उचलावयाचे ओझे थोडेच उरते, आणि एकूण वजन नियमाच्या वरच राहते. भार कमी न करता चाप हलका वाटावा, याची ही खरी युक्ती. ती पुस्तिकेत, चष्म्याविना न वाचलेल्या त्याच बारीक अक्षरांत छापलेली होती.

तिसरा स्क्रू थांब्याचा. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा अंगाला जो धक्का बसतो, तोच खटका सुटल्यावर बोटाला बसतो. चाप एकदम रिकामा होतो, बोट मागे जाऊन आदळते आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच नळी हलते. थांब्याचा स्क्रू हे आदळणे रोखतो. तो अगदी सुटण्याच्या बिंदूपाशी आणला तर मळाच्या कणानेही चाप अडेल, म्हणून जरा मागे ठेवावयाचा.

हे सारे झाल्यावर सुभेदारांनी नातीला पिस्तूल धरावयास सांगितले आणि बराच वेळ तिच्या बोटाकडे पाहत राहिले. मग नळीवर, माशीच्या मागे, एक रुपयाचे नाणे ठेवले. छर्र्याविना चाप दाबावयाचा. नाणे पडता कामा नये. दहापैकी सहा वेळा पडले, आणि दर वेळी डावीकडेच. तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "हे पिस्तूल आधी कुणाचं होतं?" मी त्या उंचपुऱ्या मुलाविषयी सांगितले. सुभेदार हसले. चापाचे पाते पुढेमागे सरकविता येते, ही गोष्ट आम्हांपैकी कोणास ठाऊक नव्हती. ते त्या मुलाच्या लांब बोटाला बेताचे बसविलेले होते. आमच्या पोरीचे बोट तेथवर टोकानेच पोचत होते, आणि टोकाने दाबले की जोर सरळ मागे न जाता बाजूला जातो. तिला जड वाटत होते ते वजन नव्हे, तो तिरपेपणा होता. पाते चार मिलिमीटर मागे आणले, पेराचा मध्य त्यावर बसला, आणि नाणे दहापैकी एकदाच पडले. ज्यासाठी मी मध्यरात्री चोरासारखी पेटी उघडली, त्या तक्रारीचा उपाय भाराच्या स्क्रूत नव्हताच.

मलाही त्यांनी नाणे ठेवून दाबावयास लावले. दहापैकी दहा वेळा पडले.

त्या संध्याकाळी नातीने मला दूरध्वनीच्या पडद्यावर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची २०१८ सालची अंतिम फेरी दाखविली. आशियाई क्रीडास्पर्धा, पालेम्बांग, २२ ऑगस्ट. हा पिस्तुलाचा दुसरा प्रकार. लक्ष्य पंचवीस मीटरांवर, पिस्तूल खऱ्या काडतुसांचे, आणि चापाचा किमान भार एक किलो, म्हणजे आमच्या दुप्पट. हात खाली धरून उभे राहावयाचे. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, नेम, आणि गोळी. मग सात सेकंद विसावा आणि पुन्हा तेच. पन्नास गोळ्यांअखेर राहीबाई आणि थायलंडच्या नाफास्वान यांगपाइबून यांचे प्रत्येकी ३४ नेम झाले. बरोबरी सोडविण्यासाठी पाच पाच गोळ्या दिल्या, तो पुन्हा ४-४. पुन्हा पाच दिल्या, तेव्हा ३-२ असा निकाल लागून सुवर्णपदक कोल्हापुरास आले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मी गोळ्या पाहिल्याच नाहीत. त्यांचे बोट पाहत होतो. तीन सेकंदांत किलोचा भार, आणि मनगट ढिम्म. अशी घाई माझ्याने जमली नसती, हे सांगावयास नको; पण ज्याला मी घाई म्हणतो ती त्यांच्या बोटात कोठे दिसेना. हात वर जातानाच पहिली वाट संपलेली असते, आणि हात स्थिरावतो त्याच ओघात उरलेला भार पुरा होतो.

"तुम्ही हिचा चाप हलका करून दिला असता का?" असे नातीने विचारले. मी उत्तर दिले नाही.

विजेवर चालणारे चापही निघाले आहेत. त्यांत धातूची कड धातूवरून घसरावयाची नसते. चाप केवळ एक कळ दाबतो आणि पुढचे काम विजेचे. त्यामुळे त्याचा स्पर्श दर वेळी तंतोतंत सारखा असतो. भाराचा नियम मात्र त्यालाही चुकत नाही. नातीला त्याचा मोह आहे. परंतु यंत्र जितके नाजूक तितका त्याचा घोर अधिक. टोकियोस २५ जुलै २०२१ रोजी पात्रतेच्या फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलाचा हवा कोंडावयाचा दांडा ऐन मध्यात मोडला. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटे गेली, उरलेले नेम घाईने टाकावे लागले, आणि ५७५ गुणांवर ती बारावी आली. पहिल्या आठांनाच पुढे प्रवेश. तीन वर्षांनी पॅरिसला पदक घेणारी ती हीच मुलगी. हे नातीला ठाऊक होते, मला नव्हते. शिरूरच्या पुलावर ते मला ठाऊक असते तर सांगण्याजोगे काही तरी तोंडात आले असते.

आमच्या जुन्या ग्रंथकारांनी शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. अग्निपुराणातील धनुर्वेदात पाणिमुक्त, म्हणजे हाताने फेकावयाचे, आणि यंत्रमुक्त, म्हणजे यंत्राने सुटणारे, असा भेद आहे. आणि यंत्रांत गोफणीबरोबर धनुष्याची, म्हणजे चापाचीच, गणना केलेली आहे. शाळेत हे मी पुष्कळदा शिकविले असेल. पण हात आणि लक्ष्य यांच्यामध्ये यंत्र आले म्हणजे हाताला यंत्राची ओळख असावी लागते, आणि ती ओळख दुसऱ्या कोणी रातोरात बदलून चालत नाही, हे मला पेरूच्या टेबलापाशी कळले. साकुरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तेथे उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात मुली वेद म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आलो. एकच ऋचा, तोच स्वर, तीच उंची, रोज. कोणी अपरात्री जाऊन त्यांच्या पोथीतील एखादा स्वर खालवर करून ठेवला तर काय होईल, ही कल्पना मला आता सुचते.

सुभेदारांनी आम्हांला एक वजन करून दिले. जुन्या पितळी डबीत वाळू भरली, झाकणाला तारेचा आकडा बसविला, आणि आमच्या सराफाच्या काट्यावर वाळूचा कण कण घालून ती ५२० ग्रॅम भरविली. नियमाहून वीस ग्रॅम अधिक. पुण्याचा काटा आणि राहात्याचा काटा यांत फरक पडलाच तर. सराफाने मजुरी घेतली नाही, परंतु गुरुजी हल्ली वाळू तोलवून घेतात, ही बातमी पेठेत पसरली.

पुढच्या स्पर्धेत वजन पहिल्याच प्रयत्नास तरंगले, आधीही आणि नंतरही. गुण बाद झालेल्या गुणांहून तीनांनी कमी पडले. पण ते फलकावर राहिले. रोज पहाटे ती छर्र्याविना शंभरदा चाप दाबते. सुट्टीत येथे असली म्हणजे मोजावयाचे काम माझ्याकडे असते, आणि नाणे पडले की मी खूण करतो.

पिस्तुलाच्या सर्व स्क्रूंच्या डोक्यांवर तिने नखांना लावावयाच्या लाल रंगाचा एकेक ठिपका दिला आहे, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा बाहेर. स्क्रू केसभर जरी फिरला तरी ठिपका दुभंगतो. ही युक्तीही सुभेदारांचीच. पेटी राहात्यास आली म्हणजे मी ती उचलून कपाटात ठेवतो. आणि परत नेण्यापूर्वी नात झाकण उघडून, माझ्यादेखत, ते ठिपके एकेक करून पाहते.